शब्द की हात? कुत्र्याला आपले बोलणे किती कळते हे घरी तपासण्याची आणि शब्द नीट शिकवण्याची पद्धत

"आमच्याला सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही," हे वाक्य शिवाजी पार्कच्या कट्ट्यापाशी सकाळी कुत्रा घेऊन आलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी उच्चारलेले असते. मीही उच्चारले आहे. आमची चिंगी, इमारतीच्या जिन्याखाली सापडलेली गावठी कुत्री, "खाली जायचं का?" असे विचारले की पट्ट्याच्या खुंटीखाली जाऊन उभी राहत असे. एका संध्याकाळी मी नेहमीच्याच सुरात, वाचायचा चष्मा काढून टीव्हीच्या फळीवर ठेवत, "डाळ करपली का?" असे विचारले आणि ती तितक्याच आनंदाने खुंटीकडे धावली. दुसऱ्या दिवशी पलंगावर भिंतीकडे तोंड करून "खाली जायचं का?" म्हटले, तेव्हा तिचा कानही हलला नाही. तिला शब्द कळत नव्हता, चष्मा कळत होता.

कुत्र्याला काहीच कळत नाही, असा याचा अर्थ नव्हे. शब्द उच्चारताना आपण हात, मान, नजर, सूर, वेळ आणि जागा असे पुष्कळ काही एकाच वेळी पुरवत असतो आणि त्यातले जे सर्वांत ठळक असेल ते कुत्रा धरून ठेवतो. त्यामुळे आधी घरातले बोलणे तपासणे, मग कुत्र्याची चाचणी घेणे आणि शेवटी शिकवणे, हा क्रम पाळावा लागतो. बहुतेक घरांत तो उलटा होतो. शिकवण्यापासून सुरुवात होते आणि चाचणी कधी घेतलीच जात नाही.

तयारी

संपूर्ण प्रक्रियेला साधारण चार ते पाच आठवडे लागतात, पण रोजचा वेळ पाच-पाच मिनिटांच्या दोन बैठकांहून अधिक नसावा. साहित्य असे लागते: एक वही, चित्रीकरणासाठी मोबाइल आणि तो उभा करण्याची सोय, कागदाच्या बारा चिठ्ठ्या, एक वाटी, आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढे खाऊचे तुकडे. खाऊ म्हणून मीठ-मसाला न घालता उकडलेले चिकन किंवा पनीर पुरते.

सावधान: शिऱ्यातल्या मनुका, द्राक्षे, कांदा आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी ठरू शकतात. प्रसादाचा शिरा बक्षीस म्हणून देऊ नये.

वेळ निवडताना कुकरच्या शिट्ट्या, दूधवाला, कचरा नेणारे आणि मुलांची शाळेतून परतण्याची वेळ टाळावी. मुंबईच्या दोन खोल्यांच्या घरात अशी वेळ दिवसातून फार तर दोनदा सापडते, पण ती शोधावी.

टप्पा १: ऐकू येते का, ते पाहा

कुत्रा झोपेत नसताना त्याच्या पाठीमागे, त्याला दिसणार नाही अशा ठिकाणी उभे राहून हलक्या हाताने किल्ल्या वाजवा. जमिनीला हादरा बसता कामा नये आणि त्याच्या अंगावर वारा जाता कामा नये, कारण बहिरा कुत्राही त्या दोन्हींना प्रतिसाद देतो. वेगवेगळ्या वेळी तीन-चारदा करूनही कान किंवा मान वळली नाही, तर पुढे न जाता पशुवैद्याकडे जावे. म्हाताऱ्या कुत्र्यांची श्रवणशक्ती हळूहळू मंदावते, डाल्मेशियन जातीत जन्मजात बहिरेपणा आढळतो आणि पावसाळ्याच्या दमट हवेत लांब, लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना कानाचा संसर्ग सहज होतो. "हल्ली ऐकत नाही" या तक्रारीचे कारण कधीकधी एवढेच असते.

टप्पा २: घरातल्या बोलण्याची नोंद करा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, म्हणून लोक तो गाळतात आणि पुढचे सगळे तिथेच बिघडते. तीन दिवस वहीत चार रकाने करून लिहा: कोणता शब्द उच्चारला, कोणी उच्चारला, त्याच वेळी आणखी काय घडले, आणि कुत्र्याने काय केले. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. "जेवायला ये" या शब्दांसोबत स्टीलच्या भांड्याचा आवाज झाला असेल, तर तो लिहा. "खाली" म्हणताना कोणी चपला घातल्या असतील, तर त्या लिहा.

तीन दिवसांनी वही वाचली की दोन गोष्टी उघड होतात. पहिली म्हणजे एकाच कृतीला घरात किती शब्द आहेत. आजी "बैस" म्हणतात, आई "बस" म्हणते, मुले "सिट" म्हणतात, इमारतीचा वॉचमन "बैठ" म्हणतो, आणि चौघांनाही कुत्रा आपले ऐकतो असे वाटते, कारण चौघेही बोलताना हात खाली करतात. त्यात मराठी क्रियापद एका रूपात थांबत नाही. बसतोस का, बसायचं, बस बघू, खाली बस, बसलास का परत, ही आपल्याला एकाच शब्दाची रूपे वाटतात. कुत्र्याच्या कानावर मात्र ते वेगवेगळे आवाज पडतात.

दुसरी गोष्ट याच्या उलट आहे: एकाच आवाजाला किती अर्थ आहेत. "बस" म्हणजे खाली टेक, "बस" म्हणजे पुरे आता, आणि "बस आली का?" यातली बस बेस्टची. "चल" या शब्दाची अवस्था तर त्याहून वाईट आहे. फिरायला निघताना चल, कंटाळा आला की चल, फोन ठेवताना चल, कुत्र्याला हाकलताना चल. जो शब्द दिवसातून चाळीस वेळा कानावर पडतो आणि त्यांतल्या अडतीस वेळा कुत्र्याशी संबंधित काहीच घडत नाही, तो शब्द कुत्रा ऐकणे सोडून देतो.

तपासणी: वहीत किमान वीस नोंदी आहेत का? तिसरा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा असेल, तर आणखी दोन दिवस घ्या. तो रकाना सहसा रिकामा नसतो, आपले लक्ष नसते.

टप्पा ३: शब्दांची छाटणी करा

पाच किंवा सहा कृती निवडा आणि प्रत्येक कृतीला एकच शब्द, एकाच रूपात ठरवा. शब्द कोणत्या भाषेतला आहे, याने फरक पडत नाही. पुढील कसोट्या मात्र लावाव्यात.

ठरवलेले शब्द एकमेकांपासून स्पष्ट वेगळे ऐकू यायला हवेत. "ये", "दे", "घे" आणि "ने" हे चार शब्द आपल्याला निराळे वाटतात, पण केवळ एका ध्वनीचा फरक पकडणे कुत्र्याला अवघड जाते. २०२० मध्ये हंगेरीतील संशोधकांनी कुत्र्यांच्या मेंदूतील विद्युतलहरी मोजल्या, तेव्हा ओळखीचा शब्द आणि तद्दन निरर्थक शब्द यांतला फरक मेंदूत दिसला, पण ओळखीच्या शब्दात एकच ध्वनी बदलून केलेला निरर्थक शब्द मूळ शब्दापासून वेगळा काढलेला दिसला नाही. म्हणून बोलावण्यासाठी "ये" ऐवजी "इकडे" आणि तोंडातली वस्तू टाकण्यासाठी "दे" ऐवजी "सोड" घ्यावा. शाबासकीचा शब्दही याच कसोटीवर तपासावा. मी कित्येक महिने "शाब्बास" म्हणत होतो आणि त्याचे शेपूट "बास" असे असल्यामुळे चिंगी शाबासकी मिळाली की पुन्हा खाली टेकत असे. आता आम्ही "छान" म्हणतो.

पुरे आता, या अर्थाचा "बस" घरातून हद्दपार करणे सर्वांत कठीण असते. ते जमणार नसेल, तर खाली टेकण्यासाठी "सिट" ठेवावा आणि मराठीचा अभिमान दुसऱ्या शब्दासाठी राखून ठेवावा.

ठरलेली यादी फ्रिजवर चिकटवा आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला, कामाच्या मावशींनाही, दाखवा. मावशींना वगळणे ही फार नेहमीची चूक आहे. दुपारी कुत्र्याशी सर्वांत जास्त त्याच बोलतात.

टप्पा ४: चाचणी घ्या

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टापा आपटून गणिते सोडवत असे. १९०७ मध्ये ओस्कार फुंग्स्ट याने दाखवून दिले की उत्तराचा आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलते आणि घोडा ते पाहून थांबतो. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले की घोडा चुके. पुढचे सर्व नियम त्याच चुकीपासून वाचण्यासाठी आहेत. २०२२ च्या एका कॅनेडियन पाहणीत १६५ मालकांनी आपल्या कुत्र्यांना कळणारे जे शब्द सांगितले, त्यांची सरासरी ८९ आली होती. पण ती उत्तरे मालकांची होती, हे विसरू नये.

कुत्रा सध्या करतो अशा तीन कृती निवडा. उदाहरणादाखल बस, झोप आणि शेकहँड धरू. प्रत्येक शब्द चार चिठ्ठ्यांवर लिहा, बाराही चिठ्ठ्या वाटीत हलवा आणि मोबाइल असा लावा की चित्रात कुत्रा पूर्ण दिसेल.

कुत्र्यापासून चार-पाच फुटांवर सरळ उभे राहा. दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत गुंतवा. कुत्र्याच्या डोक्यावरच्या भिंतीवर एक बिंदू धरून तिकडेच पाहा. काळा चष्मा असल्यास घाला, पण कुत्र्याला त्याची सवय नसेल, तर आदल्या दिवशी थोडा वेळ घालून दाखवा. एक चिठ्ठी काढून वाचा, दोन सेकंद थांबा, शब्द एकदाच सपाट आवाजात उच्चारा आणि मनात पाच आकडे मोजा. पाच आकडे होईपर्यंत जे झाले तेच उत्तर. काहीच झाले नाही, तर ती चूक धरा.

प्रत्येक शब्दानंतर, उत्तर बरोबर असो वा चूक, खाऊचा एक तुकडा दोन-तीन पावले दूर टाका. याने दोन कामे होतात. कुत्रा उठून जातो आणि परत येताना उभा असतो, त्यामुळे आधीच बसलेल्या कुत्र्याला "बस" म्हणून गुण देण्याची चूक होत नाही. शिवाय केवळ बरोबर उत्तराला खाऊ दिला, तर चाचणीची शिकवणी होऊन बसते.

बारा शब्द झाल्यावर गुण स्वतः देऊ नका. चित्रफीत आवाज बंद करून घरातल्या दुसऱ्या कोणाला दाखवा आणि कुत्र्याने प्रत्येक वेळी काय केले, तेवढेच लिहायला सांगा. मग ते चिठ्ठ्यांच्या क्रमाशी ताडून पाहा. आवाज चालू ठेवून पाहणारा माणूस अर्धवट वाकलेल्या मागच्या पायांनाही "बसला की!" असे म्हणतो.

तीन कृतींतून कोणतीही एक अंदाजाने करणाऱ्या कुत्र्याची सरासरी चार उत्तरे बरोबर येतील. आठ किंवा त्याहून अधिक उत्तरे निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता शंभरात दोनच्या आसपास असते, त्यामुळे आठ गुण पडले तर कुत्रा खरोखर शब्द ऐकतो असे मानायला हरकत नाही. पाच-सहा गुण आनंद मानण्यासारखे नाहीत.

सावधान: बरोबर उत्तरांइतकीच चुकलेली उत्तरेही पाहा. जो कुत्रा बाराही वेळा बसतो, त्याला "बस" मध्ये चारपैकी चार गुण मिळतात आणि मालक खूश होतो. अशा कुत्र्याला "बस" कळलेला नसतो. माणूस समोर ताठ उभा राहिला की टेकायचे, एवढे त्याला कळलेले असते.

हात मोकळे ठेवून घेतलेल्या चाचणीत हाच कुत्रा अकरा-बारा गुण मिळवतो. शब्द आणि हाताची खूण परस्परविरुद्ध दिल्यास बहुतेक कुत्री खुणेमागे जातात, असे इटलीतील प्रयोगांत दिसून आले आहे. ऑफिसमधून व्हिडिओ कॉलवर "बस" म्हणणाऱ्यांची निराशाही याच जातीची आहे. ध्वनिमुद्रित आज्ञांना कुत्री समोरच्या माणसाच्या आज्ञेपेक्षा कमी प्रतिसाद देतात, हे २००५ मध्ये ब्रिटनमधील प्रयोगांत दिसले होते.

टप्पा ५: शब्द नव्याने जोडा

ज्या कृतींत कुत्रा नापास झाला, त्या खुणेवर त्याला येतातच, म्हणजे निम्मे काम झालेले आहे. आता खुणेवरून शब्दावर यायचे आहे आणि इथे क्रमच सर्वस्व आहे.

१. आधी शब्द उच्चारा. अंग स्थिर ठेवा.
२. एक पूर्ण सेकंद थांबा.
३. मग हाताची नेहमीची खूण करा.
४. कृती होताच "छान" म्हणा आणि लगेच खाऊ द्या.

शब्द आणि खूण एकाच वेळी दिल्या, तर कुत्रा खूण पाहतो आणि शब्द वाया जातो. खूण आधी आणि शब्द नंतर दिला, तर शब्दाला काही काम उरत नाही, कारण तोवर कुत्रा बसून मोकळा झालेला असतो. शब्द आधी आला, तरच तो पुढच्या खुणेची वर्दी देतो आणि दहा-वीस वर्द्या ऐकल्यावर कुत्रा खुणेची वाट न पाहता हालचाल सुरू करतो. ती हालचाल ज्या क्षणी दिसेल, त्या क्षणी एकाऐवजी तीन-चार तुकडे द्या.

एका बैठकीत दहा वेळा, दिवसातून दोन बैठका, आणि पहिले चार-पाच दिवस एकच शब्द. पुढे एका सेकंदाचे दोन, मग तीन सेकंद करा आणि खूण हळूहळू लहान करा: पूर्ण हाताऐवजी मनगट, मनगटाऐवजी बोट, शेवटी काहीच नाही. दुसरा शब्द पहिला पक्का झाल्याशिवाय आणू नका. दोन्ही पक्के झाले की ते चिठ्ठ्यांप्रमाणे उलटसुलट क्रमाने विचारा, कारण नेहमी "बस" नंतर "शेकहँड" असा क्रम ठेवला, तर कुत्रा क्रम पाठ करतो.

इथे तीन चुका वारंवार होतात. "बस, बस, अरे बस ना" असे म्हणणारा माणूस कुत्र्याला तिसऱ्या शब्दानंतर बसायला शिकवत असतो, म्हणून शब्द एकदाच उच्चारावा आणि काही झाले नाही, तर खुणेवर परत यावे. दुसरी चूक बोलण्याच्या वेगाची आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार माणसे एकमेकांशी सेकंदाला साधारण चार अक्षरांच्या वेगाने बोलतात, कुत्र्याशी बोलताना तीनच्या आसपास येतात, आणि कुत्र्यांचे स्वतःचे आवाज सेकंदाला दोनच्या जवळपास असतात. तेव्हा "ए चिंगे बस बघू पटकन खाऊ देते" या वाक्यातला "बस" वेगळा काढणे तिला सोपे नाही. शब्दाच्या आधी आणि नंतर शांतता हवी. तिसरी चूक म्हणजे कंबरेतून पुढे वाकणे. हात आवरले जातात, पण कंबर विसरली जाते, म्हणून अधूनमधून चित्रीकरण करत राहावे.

तपासणी: खुणेशिवाय सलग दहापैकी आठ वेळा कृती झाली का? नसेल, तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा ६: माणूस आणि जागा बदला

दिवाणखान्यात शिकलेला शब्द लिफ्टपाशी येत नाही, यात कुत्र्याचा हट्ट नसतो. त्याच्या दृष्टीने गालिचा, पंख्याचा आवाज आणि तुमचे सोफ्यापाशी उभे राहणे हे सगळे त्या शब्दाचाच भाग होते. जागा क्रमाने बदलावी: आधी दुसरी खोली, मग दाराबाहेरचा जिना, मग लिफ्टसमोरची जागा, मग इमारतीचे आवार, आणि शेवटी मैदान. प्रत्येक नव्या जागी पहिल्या दिवशी खूण परत आणावी. ती कमीपणाची गोष्ट नाही, दोन दिवसांत पुन्हा काढता येते. माणसे बदलतानाही हाच नियम आहे.

"थांब" हा शब्द लिफ्टच्या दारापाशी आणि "सोड" हा शब्द चायनीजच्या गाडीजवळ पडलेल्या हाडापाशी कामाला यायला हवा, हे खरे. पण तिथे तो शिकवायला सुरुवात करू नये. हाडावर "सोड" शिकवण्याआधी घरी कंटाळवाण्या चेंडूवर शिकवावा.

सावधान: रस्त्यालगत शब्दाच्या भरवशावर पट्टा सोडू नये. गणपतीच्या मिरवणुका आणि दिवाळीचे फटाके असलेल्या दिवसांत घराबाहेरची बैठक रद्द करावी. उन्हाळ्यात दुपारच्या डांबरावर कुत्र्याला बसायला सांगू नये.

"इकडे" या शब्दासाठी एक वेगळा नियम आहे. आंघोळ घालायला, औषध पाजायला, ओरडायला किंवा मैदानातला खेळ संपवायला हा शब्द वापरू नये. त्या कामांसाठी स्वतः उठून कुत्र्यापाशी जावे.

वस्तूंची नावे शिकवायची असल्यास

जर्मनीतील रिको या बॉर्डर कॉलीला दोनशेहून अधिक वस्तूंची नावे येत होती, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील चेसर या त्याच जातीच्या कुत्रीला १,०२२ खेळण्यांची नावे येत असल्याचा शोधनिबंध २०११ मध्ये आला. हे वाचून पुष्कळ जण चेंडू, बाहुली आणि मोजा घेऊन बसतात आणि महिन्याभराने कुत्र्यावर चिडतात. बुडापेस्टमधील संशोधकांनी सामान्य कुत्र्यांना तीन महिने पद्धतशीर शिकवून पाहिले, तेव्हा बहुतेकांना दोन खेळण्यांची नावेही वेगळी करता आली नाहीत. कृतीचे शब्द कुत्री बऱ्यापैकी शिकतात, वस्तूंची नावे शिकणारी मात्र विरळ असतात. हौस म्हणून करून पाहावे, पण टप्पा ६ पुरा झाल्यावर.

शाबासकी आणि रागावणे

२०१६ मध्ये बुडापेस्ट येथे जागेपणी स्कॅनरमध्ये स्थिर झोपायला शिकवलेल्या १३ कुत्र्यांच्या मेंदूचे निरीक्षण झाले. कौतुकाचा शब्द कौतुकाच्या सुरात आला, तेव्हाच मेंदूतील आनंदाशी निगडित भाग अधिक जागा झाला. नुसता सूर किंवा नुसता शब्द पुरला नाही. म्हणून आज्ञेचा शब्द सपाट आवाजात आणि "छान" मनापासून, असा भेद ठेवावा.

"काय केलंस हे? चप्पल कोणी फाडली?" या प्रश्नावर मान खाली घालणाऱ्या कुत्र्याला प्रश्न कळला असे समजू नये. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९ च्या प्रयोगात तो अपराधी चेहरा कुत्र्याने गुन्हा केला होता की नाही यावर ठरत नव्हता, मालक रागावला की नाही यावर ठरत होता. निर्दोष कुत्र्यांनीही तो केला. चप्पल फळीवर ठेवावी.

टप्पा ७: पुन्हा चाचणी

पाचव्या आठवड्यात टप्पा ४ मधली चाचणी जशीच्या तशी घ्या: तीच जागा, तेवढेच अंतर, नव्याने हलवलेल्या चिठ्ठ्या आणि आवाज बंद केलेली चित्रफीत. मधल्या काळात शब्द बदलला असेल, तर त्या शब्दाची जुनी नोंद धरू नका.

चिंगी पहिल्या चाचणीत बाराही वेळा बसली होती, म्हणजे गुण चार. पाच आठवड्यांनी नऊ आले: "बस" चार, "शेकहँड" चार आणि "झोप" एक. एवढ्या एकाच शब्दात ती का अडली, ते टप्पा २ ची वही पुन्हा उघडल्यावर कळले. आमच्या घरात रात्री दहानंतर मुलांना उद्देशून "झोप" हा शब्द जितक्या वेळा उच्चारला जातो, तितका दुसरा कोणताही शब्द उच्चारला जात नाही. आता त्या कृतीला "लोळ" म्हणायचे ठरले आहे, फ्रिजवरचा कागद बदलला आहे आणि सोमवारपासून पहिल्या सेकंदापासून पुन्हा सुरुवात आहे.